ग्रंथबंदीच्या इतिहासांतील वाचक

ग्रंथबंदीचा इतिहास आपल्याकडे जेव्हां जेव्हां लिहिला जातो, तेव्हां तो बहुधा ग्रंथकारांचा इतिहास होतो. कोणत्या लेखाबद्दल कोणास किती वर्षांची शिक्षा झाली, कोणत्या छापखान्याचा जामीन बुडाला, कोणत्या अधिकाऱ्यानें कोणत्या कलमाचा आधार घेतला, इतकें सांगून झालें म्हणजे विषय संपला असें मानण्याचा प्रघात आहे. ही हकीकत महत्त्वाची आहे यांत शंका नाहीं. ग्रंथकारांनीं आणि मुद्रकांनीं मराठी शब्दासाठीं जें सोसलें, त्याचें स्मरण ठेवणें आपलें कर्तव्यच आहे. परंतु या सर्व हकीकतींत एक मनुष्य कोठेंच आढळत नाहीं, आणि तो म्हणजे ज्याच्या हातीं तें पुस्तक पडावयाचें होतें तो वाचक. पुस्तक जप्त झालें कीं लेखकाचें बोलणें जसें थांबतें, तसेंच हजारों अनोळखी माणसांचें वाचणेंही थांबतें. लेखकाला निदान नोटीस येते, त्याला वकील देतां येतो, त्याच्या नांवानें सभा भरतात. वाचकाच्या वांट्याला यांपैकीं कांहींच येत नाहीं. आपल्यापासून कांहीं काढून घेतलें गेलें, एवढेंही पुष्कळदां त्याला कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत हाच इतिहास वाचकाच्या बाजूनें पाहण्याचा आमचा विचार आहे.

असें पाहावयाचें तर पुण्यामुंबईच्या भरलेल्या कपाटांपुढें बसून चालणार नाहीं. म्हणून आम्हीं मुद्दाम लाखांदूर हें गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण अंगास असलेलें हें तालुक्याचें ठिकाण. भाताचीं शेतें, जुने तलाव, वैनगंगेचें पात्र आणि पलीकडे वडसा. बोलण्याचा ढंग झाडीचा. या मुलखावर १८५३ पर्यंत नागपूरकर भोंसल्यांचें राज्य होतें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हां हा भाग त्यांत गेला, १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं, राजपत्रें कधीं नागपुराहून तर कधीं मुंबईहून निघालीं. पण अमुक पुस्तक सरकारजमा केलें आहे ही त्यांतील बारीक टाइपाची ओळ लाखांदूरच्या वाचकाच्या नजरेस पडली असेल असें मानणें कठीण आहे. ज्या गांवीं मुळांत पुस्तक उशिरां येतें, तेथें तें न येण्याचें कारण बंदी आहे, दारिद्र्य आहे, कीं नुसता पाऊस आहे, हें ओळखावें कसें?

वाचकाला ग्रंथापासून दूर ठेवण्याचें एक फार जुनें आणि चमत्कारिक उदाहरण याच जिल्ह्याच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांचे अनुयायी नीळभट्ट भांडारेकर हे भंडाऱ्याचे. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. पुढें पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहिण्याची रीत पाडली. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर योजावयाचें, म्हणजे ज्यास किल्ली ठाऊक नाहीं त्याच्या हातीं पोथी आली तरी ती त्यास वाचतां येऊं नये. यामागें पंथाला पाखंड ठरविणाऱ्यांचें भय होतें, तशीच पवित्र वस्तु परक्याच्या दृष्टीस पडूं नये ही भावनाही होती. या लिपींनीं ग्रंथ जपले हें कबूल केलें पाहिजे. तथापि त्याचा परिणाम असा झाला कीं, मराठीचें आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकें अज्ञात राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला आणि १९३६ पासून हरि नारायण नेने यांनीं नागपुराहून ‘लीळाचरित्र’ छापण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें नीळभट्टाच्या काळची बोली साध्या वाचकाच्या कानीं पडली. येथें सरकार नव्हतें, कायदा नव्हता, ग्रंथाचा द्वेष करणाराही कोणी नव्हता. कुलूप घातलें तें ग्रंथाच्या भक्तांनीं, आणि तें प्रेमानें घातलें. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजी अमदानीचें कुलूप निराळ्या जातीचें. त्याचा आरंभ मोजदादीनें झाला. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद होऊं लागली. १८७० सालीं दंडसंहितेंत राजद्रोहाचें १२४-अ हें कलम आलें. १८७६ सालीं नाटकांच्या प्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. आणि १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आणला. हा शेवटचा कायदा पुढें रिपनसाहेबांच्या कारकीर्दींत रद्द झाला, म्हणून त्याचा उल्लेख लोक ओझरता करून सोडून देतात. आमच्या मतें मात्र सर्वांत बोलका कायदा तोच. तो इंग्रजी पत्रांस लागूच नव्हता. तीच टीका इंग्रजींत छापली तर चालत असे, मराठींत किंवा बंगालींत छापली तर मुद्रकाच्या गळ्याशीं येत असे. ‘अमृतबझार पत्रिका’ बंगाली सोडून निव्वळ इंग्रजींत निघूं लागली ती याच कारणानें. याचा अर्थ उघड आहे. सरकारला भय होतें तें विशिष्ट विचाराचें नव्हे, तो विचार ज्याच्यापर्यंत पोंचेल त्या माणसाचें. आमच्या इतिहासकारांना न दिसलेला वाचक लिटनसाहेबांना स्पष्ट दिसला होता.

पुढें १९०८ सालापासून हें यंत्र वेगानें फिरूं लागलें. त्या सालीं लोकमान्य टिळक सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे तुरुंगांत गेले. मध्यप्रांतही कोरडा राहिला नाहीं. अच्युत बळवंत कोल्हटकर यांचा नागपूरचा ‘देशसेवक’ आणि माधवराव सप्रे यांचा ‘हिंदी केसरी’ यांच्यावरही राजद्रोहाच्या कायद्याचा बडगा आला. १९१० च्या मुद्रणकायद्यानें नव्या छापखान्याकडून ५०० पासून २००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला. प्रांतिक सरकारनें राजपत्रांत जाहीर केलें कीं पुस्तकाची प्रत्येक प्रत सरकारजमा, मग ती कोणाच्या फडताळांत असो. उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय होती, पण ती किती पोकळ होती हें १९१३ सालीं दिसून आलें. महंमद अली यांच्या प्रकरणांत कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति सर लॉरेन्स जेंकिन्स यांनीं दाखवून दिलें कीं, आपल्या मजकुरांत आक्षेपार्ह कांहीं नाहीं हें सिद्ध करण्याचें ओझें कायद्यानें अर्जदारावरच टाकिलें आहे, आणि कायद्याचे शब्द इतके विस्तीर्ण आहेत कीं तें सिद्ध करणें जवळजवळ अशक्य आहे. अर्ज अर्थातच फेटाळला गेला.

या काळांतील दोन मराठी उदाहरणें वाचकाच्या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखीं आहेत. पहिलें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकाचें. हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतील, पण कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे विटंबिली जाणारी भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हें प्रेक्षकांस कोणी समजावून द्यावें लागलें नाहीं. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं आपल्या ग्रंथांत या नाटकाची मुद्दाम दखल घेतली, ती याच कारणानें. १९१० सालीं १८७६ च्या कायद्याखालीं नाटकाचे प्रयोग बंद झाले.

नाटकावरील बंदी ही ग्रंथबंदीच्या विषयांत कशी बसते असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लाखांदूरकडच्या माणसास सांगावें लागणार नाहीं. झाडीपट्टींत धानाची कापणी झाली कीं दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकें चालतात. वडसा हें या नाटकमंडळ्यांचें आजचें माहेरघर. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा तर छापील नाटकाहूनही जुनी. ज्या घरांत छापील पुस्तक कधीं विकत आलें नाहीं, त्या घरांतील बायका, म्हातारीं माणसें आणि मुलें मंडपांत बसून पुराण, इतिहास, सुधारणा आणि राजकारण ऐकत आलीं. साक्षर माणूस एकटा वाचतो. निरक्षर माणूस गांवासह वाचतो. तेव्हां शहरांत नाटक बंद पडलें तर एक करमणूक बुडते. ज्या मुलखांत नाटक हेंच पुस्तकाचें काम करितें, तेथें नाटकबंदी ही त्या मुलखाची ग्रंथबंदीच होय.

दुसरें उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंधमालेंतील त्यांचा अखेरचा मोठा निबंध. शास्त्रीबुवा १८८२ सालीं वारले. म्हणजे ज्याला शिक्षा करावी असा लेखक जगांत उरला नव्हता. तरीही पुढें सरकारनें तो निबंध जप्त केला, आणि त्यावरील बंदी उठली ती १९३७ सालीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर. मृत लेखकाच्या ग्रंथावरील बंदी ही कोणावर असते? ती निव्वळ वाचकावर असते. या निबंधाच्या बाबतींत बंदीचें खरें रूप कोणत्याही आडपडद्याशिवाय दिसतें. मालेच्या खंडांतून तेवढा निबंध गाळलेला. शाळा-कॉलेजांत शास्त्रीबुवांची भाषाशैली शिकविली जात होती, पण ज्या लेखांत त्यांनीं आपल्या लोकांस मनांतलें शेवटचें सांगितलें, तोच विद्यार्थ्यांच्या हातीं येत नव्हता. त्या काळांत शाळेंत बसलेलीं मुलें बंदी उठेपर्यंत बापें झालीं होतीं.

येथें कोणी म्हणेल कीं बंदीनें पुस्तक मरत नाहीं, उलट त्याला पाय फुटतात. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाचा दाखला त्यासाठीं नेहमीं दिला जातो, आणि तो खराही आहे. प्रसिद्ध होण्यापूर्वींच बंदी आलेल्या त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९०९ सालीं हॉलंडांत छापलें गेलें आणि दुसऱ्याच पुस्तकांच्या वेष्टनांत दडून हिंदुस्थानांत आलें. त्याच्या गुप्त आवृत्त्या निघाल्या. त्यावरील बंदी मुंबई सरकारनें उठविली ती १९४६ सालीं. ही कथा वाचतांना मन उचंबळतें. परंतु तींतील एक गोष्ट आम्हांस नेहमीं टोंचत आली आहे. हा ग्रंथ मुळांत मराठींत लिहिला होता. तें मराठी हस्तलिखित गोव्याच्या डॉ. कुटिन्हो यांनीं अमेरिकेंत जिवापाड जपलें, आणि तें स्वदेशीं परत आलें स्वातंत्र्यानंतर. म्हणजे मराठींत लिहिलेला ग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्यांनीं चाळीस वर्षें वाचला, आणि ज्याच्यासाठीं तो लिहिला तो मराठी वाचक रांगेंत शेवटीं राहिला. निषिद्ध पुस्तकाला पाय फुटतात हें खरें. पण ते पाय मोठ्या शहराच्या, परदेशाच्या आणि इंग्रजीच्या वाटेनें चालतात. वैनगंगेच्या कांठीं तें पोंचेपर्यंत त्याचें पुस्तक राहत नाहीं, नुसती ऐकीव गोष्ट होते.

राजद्रोहाइतकेंच दुसरें हत्यार म्हणजे अश्लीलतेचा आरोप. रघुनाथ धोंडो कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक १९२७ सालीं निघालें आणि त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चाललें. त्यांच्यावर १९३४ सालीं जो खटला झाला, तो वाचकांनीं विचारलेल्या कामजीवनविषयक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉक्टर आंबेडकरांनीं त्यांची बाजू न्यायालयांत मांडली. तरी खटला हरला आणि कर्व्यांस २०० रुपये दंड झाला. दंड कर्व्यांनीं भरला हें सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यांनीं लाज बाजूस ठेवून तीं पत्रें लिहिलीं, त्यांस ‘असें विचारणें हाच गुन्हा’ असें जें सांगितलें गेलें, त्या शिक्षेची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. आडगांवच्या तरुणाला किंवा सुनेला असा प्रश्न विचारावयास जवळपास वैद्य नव्हता. टपालानें येणारें मासिक हाच त्यांचा वैद्य होता.

स्वराज्य आलें, राज्यघटना आली, भाषणाचें व विचारप्रकटनाचें स्वातंत्र्य मूलभूत हक्कांत गणलें गेलें. जप्तीचें कलम मात्र राहिलें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तें ९५ वें कलम झालें आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंत तेंच ९८ वें. फरक पडला तो न्यायालयांत. १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्तर प्रदेशांतील हरनाम दास यांच्या प्रकरणांत ठरविलें कीं, सरकारनें आपल्या मताचीं कारणें सांगितलीं नाहींत तर जप्ती टिकणार नाहीं. जेंकिन्स यांनीं बोट दाखविलेला अन्याय अर्धशतकानंतर असा थोडासा दूर झाला. १९६९ सालीं दोन मराठी लेखनांना न्यायालयांतून सुटका मिळाली. गोपाळ गोडसे यांचें ‘गांधीहत्या आणि मी’ हें पुस्तक १९६७ सालीं जप्त झालें होतें. मुंबई उच्च न्यायालयानें ती जप्ती रद्द केली. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकांत आली होती; उच्च न्यायालयानें दोषी ठरविलेल्या काकोडकरांस सर्वोच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें. पहिल्या पुस्तकांतील मत आम्हांस तिरस्करणीय वाटतें, आणि दुसरी कथा कोणी थोर वाङ्मय म्हणून वाचीत नाहीं. परंतु हेंच दोन्ही निकालांचें महत्त्व आहे. जें पुस्तक सर्वांस आवडतें त्याच्या वाचनाला स्वातंत्र्याची गरजच पडत नाहीं.

तथापि या सर्व खटल्यांत वाचक अजून न्यायालयाच्या दाराबाहेरच उभा होता. तो प्रथम मोठ्या संख्येनें पुढें आला १९८८ सालीं, आणि तो रस्त्यावर आला. डॉक्टर आंबेडकरांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा अप्रकाशित ग्रंथ महाराष्ट्र सरकारनेंच १९८७ सालीं त्यांच्या लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडांत प्रसिद्ध केला. राम-कृष्णांविषयींच्या प्रकरणावर आक्षेप आला, विदर्भांतच अमरावतीस प्रती जाळल्या गेल्या, प्रकरण गाळण्याची मागणी जोर धरूं लागली. तेव्हां मुंबईंत निघालेल्या प्रचंड मोर्च्यांत जे लोक चालले, त्यांपैकीं बहुसंख्यांनीं तो इंग्रजी खंड उघडूनही पाहिला नसेल. पण आमच्या गुरूचा ग्रंथ आमच्यासाठीं अखंड राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अखेर सरकार या मतांशीं सहमत आहे असें समजूं नये, अशा आशयाची टीप घालून तो मजकूर कायम ठेवण्यांत आला. भंडाऱ्याच्या लोकांस या प्रसंगाचें विशेष वाटावें. कारण १९५४ सालीं लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठीं बाबासाहेब याच जिल्ह्यांतून उभे होते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकण्याचीच बंदी होती, त्यांच्या नातवांनीं एका ग्रंथांतील एक प्रकरण वांचविण्यासाठीं रस्ता धरावा, हा वाचनाच्या इतिहासांतील लहान प्रसंग नव्हे.

न्यायालयांत वाचक आला तो त्यानंतर. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचें शिवछत्रपतींवरील इंग्रजी पुस्तक २००३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील एका मजकुरानें महाराष्ट्राचीं मनें दुखावलीं, आणि तें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रकाशकांनीं त्याच सालच्या नोव्हेंबरांत पुस्तक मागें घेतलें. तरीही ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या ग्रंथांची नासधूस झाली. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें पुस्तक जप्त झाल्याचें जाहीर केलें. ही जप्ती रद्द करावी म्हणून जे उच्च न्यायालयांत गेले, ते संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आदि अर्जदार त्या पुस्तकाचे लेखक नव्हते कीं प्रकाशक नव्हते. कायद्यांत शब्द आहेत ते पुस्तकाशीं हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीचे. लिहिणारा व छापणारा यांचा हितसंबंध असतो हें शंभर वर्षें सर्वांस मान्य होतें. वाचूं इच्छिणाऱ्या नागरिकाचाही असतो, हें या अर्जानें पुढें मांडलें. २००७ सालीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें जप्ती रद्द केली आणि ९ जुलै २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. कोणकोणत्या समाजगटांत वैर पसरणार हें जप्तीच्या आदेशांत नीट सांगितलेलें नाहीं, हें एक कारण न्यायालयानें दिलें.

परंतु न्यायालय जप्ती रद्द करूं शकतें. पुस्तक दुकानांत परत आणणें त्याच्या हातीं नसतें. अलीकडच्या काळांत पुष्कळ पुस्तकें राजपत्रांत नांव न येतांच वाचकापासून दूर गेलीं. डॉ. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांचा रोष झाला. त्यांनीं ती मागें घेतली, आणि २००९ सालीं महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाच्या तोंडावर त्यांस अध्यक्षपदही सोडावें लागलें. येथेंही कुलूप घातलें तें भक्तांनींच. तुकोबांवर ज्यांचें प्रेम आहे त्यांचें मन आम्ही जाणतों; आम्हीही त्यांतलेच आहों. पण महानुभावांच्या सकळ लिपीनें जें शिकविलें तें येथेंही लागू पडतें. प्रेमानें घातलेलें कुलूपही वाचकाच्या तोंडावरच बंद होतें, आणि त्याची किल्ली कांहीं काळानें घालणाऱ्याच्याही हातून हरवते. तुकोबांचे अभंग इंद्रायणींत बुडविले गेले ही कथा ज्या महाराष्ट्रानें पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकली, त्या महाराष्ट्रानें पुस्तक बुडविण्याच्या बाबतींत अधिक सावध असावयास हवें.

अशा अघोषित बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, हा आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे. पुण्यांत एका दुकानदारानें भीतीनें पुस्तक आंत ठेविलें तर दुसरें दुकान असतें, विद्यापीठ असतें, मित्राचें कपाट असतें. लहान गांवीं जी एक प्रत असते तीच सर्व प्रती. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें महाराष्ट्रांत गांवोगांवच्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळूं लागलें आणि त्यामुळें खेड्यापाड्यांत पुस्तकें पोंचलीं, हें या राज्याचें भूषण आहे. पण अशा वाचनालयाच्या चालकानें ‘उगीच वाद नको’ म्हणून एखादें पुस्तक नोंदवहींतून कमी केलें, किंवा मुळांत मागविलेंच नाहीं, तर त्या गांवापुरती बंदी पूर्ण झाली. तीस कलम लागत नाहीं, न्यायाधीश लागत नाहीं, आणि तिच्याविरुद्ध अपीलही नाहीं. नाटकाचें तसेंच. १८७६ चा कायदा २०१८ सालीं रद्द झाला. परंतु महाराष्ट्रांत नाटकाची संहिता प्रयोगापूर्वीं रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. पुस्तक छापण्यापूर्वीं कोणास दाखवावें लागत नाहीं, नाटक दाखवावें लागतें. झाडीपट्टींतील ज्या प्रेक्षकाचें पुस्तक म्हणजे नाटकच, त्याच्या वाचनावर ही पूर्वतपासणी अजून आहे.

मग कोणतेंही पुस्तक कधींच अडवूं नये काय? असा प्रश्न प्रामाणिकपणें विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांस उत्तर दिलें पाहिजे. शेजाऱ्याचें घर जाळा असें उघड सांगणारें पत्रक आणि एखाद्या पूज्य पुरुषाविषयीं चुकीचें किंवा अप्रिय मत मांडणारा ग्रंथ, या दोन गोष्टी एका मापानें मोजूं नयेत. पहिल्यास तत्काळ आवर घालणें राज्याचें काम आहे. दुसऱ्यास उत्तर देणें हें विद्वानांचें व समाजाचें काम आहे. आणि उत्तर द्यावयाचें तर मूळ ग्रंथ लोकांपुढें असावाच लागतो. विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला तरी दुसरें काय करीत होती? प्रतिपक्षाचा ग्रंथ समोर ठेवून त्याचे वाभाडे काढणें हीच त्यांची पद्धति. तो ग्रंथ वाचकाच्या हातीं नसता, तर त्यांच्या खंडनाची धार कोणाच्या लक्षांत आली असती?

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. कोणतेंही पुस्तक जप्त करावयाचें झाल्यास त्याचीं कारणें मराठींत, सर्वांस कळतील अशा शब्दांत प्रसिद्ध व्हावींत, आणि तो आदेश प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयांत लावला जावा. ज्याच्या हातून पुस्तक काढून घेतलें त्यास निदान तें काढून घेतल्याचें कळावें. जप्तीविरुद्ध दाद मागण्यास हल्लीं दोन महिन्यांची मुदत आहे. आदेश गांवीं पोंचण्यासच जेथें तेवढे दिवस लागतात, तेथील वाचकाचा विचार करून ती वाढवावी. ठराविक वर्षांनीं प्रत्येक जप्तीचा फेरविचार व्हावा, म्हणजे चिपळूणकरांच्या निबंधाप्रमाणें एखादें पुस्तक लेखकाच्या मागें वर्षानुवर्षें कोंडून पडणार नाहीं. आणि ग्रंथालयाच्या चालकांनीं पुस्तक काढून टाकण्याचा ठराव सभासदांपुढें उघडपणें मांडावा, कपाटाच्या मागें गुपचूप करूं नये. एवढें झालें तर लाखांदूरच्या वाचकाला, पुस्तक कां मिळत नाहीं असें विचारल्यावर, ‘पावसामुळें वाट बंद आहे’ याहून अधिक खरें उत्तर मिळूं लागेल.